चार रात्री, पाच दिवस

टिळक रोडवरच्या आमच्या ऑफिसात
एसीखाली एक बेट टांगलेलं आहे.
वर्षभर त्याच्यावर दुपारच असते,
आणि माड कायम डावीकडे कललेला,
जणू पेंढरकर सर काय म्हणतायत ते ऐकायला.

सर म्हणतात, इतिहास तीन ओळींत बसव.
खाली दराची चौकट यायची आहे.

मी बेट पाहिलेलं नाही.
समुद्र पाहिला तो दिवेआगरला, कॉलेजच्या सहलीत,
तोही चप्पल हरवल्यामुळे लक्षात राहिलेला.
पण पत्रक मीच लिहिते.
झेंडा तीनदा बदलला,
त्याचं मी 'विविध संस्कृतींचा संगम' केलं.
गलबतांतून बांधून आणलेली माणसं
'लवंगेच्या बागांची परंपरा' एवढ्यात मावली.
थोडी जागा उरली, तिथे
शाकाहारी जेवणाची सोय, ठळक अक्षरात.

लोक विचारतात, पोळी मिळेल ना?
पाहण्यासारखं आहे का काही,
की नुसतं पाणीच?
एका आजोबांना टेकडीच्या चढाची काळजी.
मी म्हटलं, पर्वतीपेक्षा कमी.
ते निश्चिंत झाले. जगातली सगळी उंची
आमच्याकडे पर्वतीच्या पायऱ्यांनी मोजतात.

सिस्टर शिरसाठ एकट्याच आल्या.
ससूनमधून निवृत्त, बत्तीस वर्षं नोकरी.
'एकटीला जास्त पैसे का?' एवढंच विचारलं
आणि उत्तर न ऐकता चेक फाडला.

परत आल्या त्या तक्रार घेऊन नाही,
लवंगांची पुडी घेऊन.
टेबलावर माझंच पत्रक ठेवलं,
घडीत वाळू, मागच्या कोऱ्या बाजूला
पेन्सिलीने काढलेला नकाशा.
धक्का, चर्च, बाजार. हे तुझं.
टेकडीमागे एक चौकोन.
हे नाही तुझ्यात.

'देवीची साथ असली की जहाजातले आजारी
इथे उतरवायचे. भिंती आहेत अजून.
खाटांच्या जागा मोजल्या मी,
सवयच ती. चाळीस.
बाकीचे सगळे काचेच्या बोटीतून मासे बघत होते.'

शहाळीवालीने त्यांना विचारलं होतं,
तुमचं घर कुठल्या समुद्राकाठी?
समुद्र नाही आमच्याकडे, सिस्टर म्हणाल्या.
बाई हसली नाही. शहाळं तासता तासता म्हणाली,
मग संध्याकाळी तुम्ही बघता कुठे?

'गाइडने सांगितलं तिचं म्हणणं.
मला काही सुचेचना,' सिस्टर म्हणाल्या.
'मी म्हटलं, टीव्ही.'

त्या दिवशी मी बस सोडली.
झेड ब्रिजवर गाड्या लावून बसलेल्या जोडप्यांमधून
जागा काढत कठड्याशी गेले.
खाली मुठेत पाणी ओसरलेलं,
दोन खडक, गाळ, जलपर्णी,
वाहून येऊन अडकलेली प्लास्टिकची खुर्ची,
पाय आभाळाकडे.
एका पायावर बगळा.

लांबी : बारा पावलं असावी.
इतिहास : खडकवासल्यातून पाणी सोडलं की नाहीसं होतं,
बंद केलं की परत येतं.
झेंडा : कुणाच्यातरी निर्माल्याची केशरी पिशवी.
भोजन : बगळ्यापुरतं.
प्रेक्षणीय स्थळं :

शेजारच्या मुलाने विचारलं, ताई, काही पडलं का खाली?
म्हटलं, नाही.
तरी तोही वाकला. मग त्याची मैत्रीण.
बराच वेळ आम्ही तिघं
तिकडेच बघत होतो.

दुसऱ्या दिवशी मी इतिहासात चौथी ओळ घातली.
सरांनी खोडली, लाल पेनाने, न रागावता.
दराच्या चौकटीखाली बारीक अक्षरात
एक यादी असते, 'यात समाविष्ट नाही'.
सर ती कधी वाचत नाहीत. कुणीच वाचत नाही.

व्हिसा. टिप. कपडे धुणं.
वैयक्तिक खर्च.
टेकडीमागच्या चाळीस खाटा.

पाच हजार प्रती छापून आल्या आहेत.